ऊब बाहेरची

“एडमंटनला मला एवढी थंडी कधीच वाजत नाही,” असं माझी मावसबहीण कुळगीत म्हणाली, तेव्हा आम्ही सगळे हसलो. डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. दांडेलीहून अंबिकानगरच्या रस्त्यानं बारा-एक किलोमीटर गेलं की कुळगी येतं. जोयडा तालुक्यातलं हे लहानसं ठिकाण. वनखात्याचं निसर्ग शिबिर आहे, तंबू आहेत आणि चहूकडं काळी व्याघ्र प्रकल्पाचं सागवान-बांबूचं जंगल. रात्रभर झाडांवरून दव टपटपत होतं. ताई दोन स्वेटर, त्यावर शाल, त्यावर माझं जॅकेट अशी बसून चहाचा पेला दोन्ही हातांत घट्ट धरत होती. ती कॅनडातल्या एडमंटनला राहते, तिथं जानेवारीत पारा उणे वीसच्याही खाली सहज जातो.

“हसताय काय? तिकडं घरात एकवीस डिग्री असतं. इथं जेवढी थंडी बाहेर तेवढीच आत!”

तिचं खरंच होतं. कौलारू घर काय, तंबू काय, आपल्याकडं भिंती वाऱ्याला अडवतात, थंडीला नाही. म्हणून सकाळी सातला गावातून चक्कर मारली तर सगळं गाव बाहेर दिसतं. कुठं पालापाचोळ्याची शेकोटी, तिच्याभोवती उकिडवी बसलेली माणसं. कुणी आजोबा पूर्वेकडच्या भिंतीला पाठ लावून कोवळ्या उन्हाची वाट बघत बसलेले. इकडं हिवाळ्यात माणूस उबेसाठी घराबाहेर येतो, तिकडं तो उबेसाठी घरात शिरतो आणि मार्चअखेरपर्यंत बाहेर येण्याचं नाव काढत नाही. कडक थंडीच्या शहरांतले रस्ते, चौक, बागा आखणाऱ्यांचं सगळं कोडं या एका फरकात आहे. घरात एकवीस डिग्री आणि सोफा असताना माणसानं बाहेर यावंच कशाला?

आधी उन्हाचा हिशोब. २१ डिसेंबरला भर दुपारी कुळगीत सूर्य क्षितिजापासून साधारण ५१ अंशांवर असतो. एडमंटनमध्ये तो १३ अंशांच्या वर चढतच नाही. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल, पण जमिनीवर तो भयंकर आहे. दहा मीटर उंचीच्या, म्हणजे तीन मजली इमारतीची दुपारची सावली कुळगीत आठ मीटर पडेल. एडमंटनमध्ये तीच सावली त्रेचाळीस मीटर लांब जाते. म्हणजे वीस मीटर रुंदीच्या रस्त्याच्या दक्षिणेला साधी तीन मजली इमारत उभी राहिली, की अख्खा रस्ता आणि पलीकडच्या घरांचा पहिला मजला ऐन हिवाळ्यात दिवसभर काळोखा. दिवस तरी केवढा? तिथं साडेसात तास, इथं सव्वाअकरा. आपल्या अंगणात ऊन सरकतं तसा माणूस सरकतो. तिथं मुळात ऊन पडेल अशी जागा शिल्लक ठेवावी लागते, आणि ती ठेवायची की नाही हे इमारतीचा नकाशा मंजूर होतो त्या दिवशी ठरतं. म्हणून उत्तरेकडच्या शहरांत बाक कुठं ठेवायचा, उपाहारगृहाच्या बाहेरच्या खुर्च्या रस्त्याच्या कुठल्या बाजूला मांडायच्या, उंच इमारत चौकाच्या कुठल्या अंगाला उभी करायची, हे प्रश्न शोभेचे नसतात. रस्त्याच्या उत्तर कडेचा, दक्षिणेला तोंड करून असलेला पदपथ म्हणजे तिथली सोन्याची जागा.

झाडांचंही असंच. थंड देशांत पानझडी झाडं लावणं सोयीचं, कारण उन्हाळ्यात ती सावली देतात आणि हिवाळ्यात उघडी होऊन ऊन खाली सोडतात. आमच्या जंगलातला सागही पानझडी, पण त्याचं वेळापत्रक आपल्या गरजेच्या बरोबर उलटं. पावसात, जेव्हा सावली कुणालाच नको असते, तेव्हा ताटाएवढी पानं. आणि फेब्रुवारी-मार्चपासून, ऊन तापायला लागलं की, हा गडी पानं टाकून मोकळा. सागाच्या रांगेतून एप्रिलमधल्या दुपारी चालून पाहावं, मग कुठलं झाड कुठं लावायचं हा प्रश्न किती गावठी, म्हणजे किती त्या-त्या गावचा असतो ते कळतं.

एडमंटननं २०१२ साली हिवाळ्यासाठी एक वेगळं धोरणच मंजूर केलं आणि २०१६ मध्ये रचनेचे नियम काढले. त्यांतली पहिली दोन तत्त्वं म्हणजे वारा अडवा आणि ऊन मिळवा. ताईनं हे सांगितल्यावर शेकोटीपाशी बसलेल्या एका आजींना मी त्याचा अर्थ समजावून सांगितला. त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की हे कळायला लिहून काढावं लागतं होय?

लागतं, कारण वारा डोळ्यांना दिसत नाही आणि थर्मामीटरलाही कळत नाही. अंगाच्या उष्णतेनं कातडीलगत हवेचा पातळ ऊबदार थर तयार होतो, तो वारा उडवून नेतो. अंटार्क्टिकावर पॉल सायपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघांनी प्लास्टिकच्या नळकांड्यातलं पाणी वाऱ्यात गोठायला किती वेळ लागतो हे मोजलं आणि १९४५ साली त्यावरून ‘वाऱ्याची थंडी’ मोजण्याची पद्धत मांडली. २००१ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं ती सुधारून घेतली. या सुधारित हिशोबानं उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर उघड्या चेहऱ्याला थंडी उणे २० सारखी बोचते. याचा उलटा अर्थ जास्त कामाचा आहे. वारा अडवला तर एक पैचंही इंधन न जाळता दहा अंशांची थंडी कमी झाल्यासारखं वाटतं. शहराला हवा बदलता येत नाही, आडोसा मात्र देता येतो.

आणि आडोसा म्हणजे भिंत नव्हे. सलग भिंतीला आपटलेला वारा वरून उडी मारतो आणि पलीकडं भोवरे करत कोसळतो. निम्मं अंग मोकळं असलेला अडसर वाऱ्याला गाळून घेतो, त्याचा जोर मोडतो, आणि उंचीच्या साधारण दहापट अंतरापर्यंत निवांतपणा देतो. कोकणात आणि कारवारकडं काट्याकुट्यांची वई घालतात, किंवा बांबूचं बेट मुद्दाम घराच्या एका अंगाला ठेवतात, त्यामागं हेच शास्त्र. कॅनडात ते काम सूचिपर्णी झाडांच्या रांगा करतात. उलट, मोकळ्यावर उभा केलेला काचेचा वीस मजली मनोरा वरच्या वेगवान वाऱ्याला पकडतो आणि पायाशी आणून सोडतो. दारातून बाहेर पडलेल्या माणसाची टोपी उडते ती हवामानामुळं नाही, नकाशामुळं.

वाऱ्याशी सगळ्यात धीटपणे झुंजलेलं गाव म्हणजे क्वेबेकच्या उत्तरेतलं फरमाँट. लोखंडाच्या खाणीसाठी १९७० च्या दशकात वसवलेलं. तिथं वाऱ्याच्या तोंडाला सुमारे १.३ किलोमीटर लांबीची एकच इमारत आडवी घातली आहे, आणि तिच्या पोटात घरं, दुकानं, शाळा, हॉटेल. बाकीची छोटी घरं तिच्या पाठीशी, निवाऱ्यात. या कल्पनेचं मूळ राल्फ अर्स्किन या वास्तुकाराकडं जातं. तो इंग्लंडमध्ये जन्मला, १९३९ मध्ये स्वीडनला गेला आणि तिथलाच झाला. स्वीडनच्या उत्तर टोकाला स्वाप्पावारा इथं त्यानं अशीच लांबलचक वारा अडवणारी इमारत बांधली होती. त्याच्याच नावावर दुसरीही एक गोष्ट आहे. लुलेओ शहरात १९५५ मध्ये त्यानं छताखालचा बाजार बांधला, जगातल्या अगदी पहिल्या बंदिस्त शॉपिंग सेंटरांपैकी एक. थंडीवर हा दुसरा उतारा: बाहेरचं जगच उचलून आत आणायचं.

हा उतारा लोकांना फार आवडला. १९६२ हे साल या दृष्टीनं मोठं मजेदार आहे. त्या वर्षी मिनियापोलिसमध्ये दोन इमारतींना जोडणारा पहिला काचेचा हवाई पूल झाला. त्याच वर्षी माँट्रियालमध्ये प्लास व्हिल मरी हे इमारतींचं संकुल उघडलं आणि त्याच्या तळघरातून पुढं तीसेक किलोमीटरचं भुयारी शहर फुटत गेलं. कॅलगरीनं १९७० पासून जमिनीपासून पंधरा फूट उंचीवर पुलांचं जाळं विणलं, त्याचं नावच ‘प्लस फिफ्टीन’. आज ते सोळा किलोमीटरच्या आसपास आहे. कोट अडकवून ठेवायचा आणि शर्टावर अख्खं शहर फिरायचं.

आणि त्याच १९६२ च्या नोव्हेंबरमध्ये कोपनहेगननं आपला स्ट्रॉएट हा मुख्य रस्ता मोटारींना बंद केला. सुमारे १.१ किलोमीटर. लोक म्हणाले, आपण डॅनिश आहोत, इटालियन नव्हे. या हवेत रस्त्यावर रेंगाळणार कोण? दुकानदार घाबरले होते. लोक मात्र आले, आणि येतच राहिले. यान गेल या वास्तुकारानं पुढं अनेक वर्षं तिथं उभं राहून माणसं मोजली आणि १९७१ मध्ये इमारतींच्या मधल्या जगण्यावर पुस्तक लिहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. कामावर जाणारा माणूस रस्ता कितीही वाईट असला तरी जातो. रेंगाळणारा, बसणारा, कुणाला तरी हाक मारणारा माणूस मात्र जागा चांगली असेल तरच दिसतो. एखाद्या चौकात लोक बसत नसतील तर हवेला दोष देण्याआधी बसायला काय ठेवलंय ते पाहावं.

मला स्वतःला काचेच्या पुलांचा राग नाही. उणे तीसमध्ये लहान मूल कडेवर घेऊन बसची वाट बघणाऱ्या बाईला कुणी भुयार दिलं तर तिनं ते घ्यावं, त्यात तत्त्वज्ञान कसलं? पण दोन गोष्टी खटकतात. माणसं वर गेली की खालचा रस्ता ओस पडतो. ओस रस्त्यावरची दुकानं बंद होतात, मग तो रस्ता आणखी ओस. दुसरं असं की रस्ता सगळ्यांचा असतो, पूल मालकाचा. मिनियापोलिसमध्ये हे पूल बहुतेक इमारतमालकांचे आहेत, त्यांनी दार लावलं की वाट संपली. ज्याच्याकडं खरेदीला पैसे नाहीत किंवा ज्याचे कपडे पहारेकऱ्याला पटत नाहीत, त्याला ती ऊब किती वेळ मिळेल? आणि थंडी तर नेमकी त्यालाच जास्त वाजत असते.

याच्या बरोबर उलट एक जुना नमुना जपानात आहे. निगाता प्रांतातल्या जोएत्सु शहराचा ताकादा हा जुना भाग म्हणजे बर्फाचं आगरच. तिथं रस्त्याकडेच्या प्रत्येक घरानं आपलं छप्पर पुढं वाढवलं आणि त्याखालची स्वतःच्या मालकीची पट्टी चालणाऱ्यांना सोडून दिली. एकाचं छप्पर दुसऱ्याला लागत गेलं आणि किलोमीटरच्या किलोमीटर झाकलेला पदपथ झाला. त्याला ‘गांगी’ म्हणतात. बाहेर बर्फ डोक्यापर्यंत चढलं तरी खाली गाव चालत राहतं, तेही रस्त्याच्याच पातळीवर, शेजाऱ्याच्या दारावरून. हे वाचलं तेव्हा मला आपली पडवीच आठवली. पडवी घरमालकाची, पण पावसात अडकलेल्या वाटसरूनं तिथं उभं राहायला कुणाची परवानगी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही.

पण ऊन मिळालं, वारा अडला, तरी माणूस बाहेर यायला आणखी काहीतरी लागतं. निमित्त लागतं. शेकोटीचं खरं काम अंग शेकणं हे अर्धंच. उरलेलं अर्धं म्हणजे तिच्याभोवती बसलं की काही न बोलताही सोबत होते, आणि बोलायचं असलं तर विस्तवाकडं बघत बोलता येतं. ताई सांगत होती, तिकडं संक्रांतीचं हळदीकुंकू भाड्याच्या हॉलमध्ये होतं. दाराशी बर्फाच्या बुटांचा हा ढीग, आत काळ्या साड्या. तिळगूळ हा खरं तर थंडीचा खाऊ, उघड्यावर उभं राहून वाटायचा. तिथं तो हीटरखाली वाटला जातो.

“मग तुम्ही बाहेर येताच नाही?”

“येतो की. बर्फावर घसरायला येतो.”

विनिपेगमध्ये नदी गोठली की तिच्यावर घसरत जायची वाट करतात, आणि वाटेवर थांबायला छोट्या झोपड्या उभ्या राहतात. २०१० पासून त्या झोपड्यांची दरवर्षी स्पर्धा असते, जगभरचे वास्तुकार त्यात उतरतात, एका वर्षी तर फ्रँक गेरीची झोपडी होती. टोरोंटोच्या नगरपालिकेपुढचा उन्हाळी पाण्याचा हौद हिवाळ्यात घसरायचं मैदान होतो. साप्पोरोची गोष्ट मला सगळ्यात आवडते. १९५० मध्ये शाळेतल्या काही मुलांनी ओदोरी उद्यानात बर्फाच्या सहा मूर्ती केल्या. रस्त्यावरून उपसून ढीग घातलेलं बर्फ म्हणजे शहराची डोकेदुखी, मुलांनी तिचा उत्सव केला. पुढं तो जगप्रसिद्ध झाला. एडमंटनच्या लोकांनी वर्गणी काढून जुन्या हाय लेव्हल पुलावर साठ हजार एलईडी दिवे लावले, ते २०१४ मध्ये पेटले. साडेसात तासांच्या दिवसात संध्याकाळ चार-साडेचारलाच होते, तेव्हा उजेड ही तिथं चैन नसते. रंगांचंही तेच. पांढऱ्या जमिनीवर आणि राखी आकाशाखाली पिवळं दार दिसलं तरी बरं वाटतं, असं ताई म्हणते. आपल्याला रंगांची एवढी सवय की हे कळायला जरा वेळ लागतो.

या सगळ्या हौसेत एक रुक्ष गोष्ट मागं पडते. माणूस दारापासून चौकापर्यंत न घसरता पोचला पाहिजे. स्वीडनमधल्या कार्लस्कोगा या गावानं एकदा बर्फ उपसण्याचा क्रम तपासला. आधी मोठे रस्ते, मग पदपथ, असं वर्षानुवर्षं चाललेलं. पण पायी चालणाऱ्यांत बायका जास्त, आणि घसरून पडणारी माणसं मोटारीतली नव्हेत, पायी चालणारीच. शिवाय थोड्याशा बर्फातून मोटार जाते, बाबागाडी जात नाही. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला: पाळणाघरं, पदपथ आणि सायकलवाटा आधी, मोठे रस्ते नंतर. फिनलंडमधल्या औलूमध्ये लोक भर हिवाळ्यात सायकलनं शाळेत आणि कामावर जातात. बर्फ पूर्ण खरवडून मीठ टाकण्याऐवजी तिथं ते दाबून घट्ट करतात, आणि दाबलेल्या कोरड्या बर्फावर चाक छान धरतं. रेक्याविकमध्ये घरं तापवून आलेलं कोमट भूगर्भी पाणी फरशीखालून फिरवतात. हे प्रत्येकाला कुठून परवडणार? पण दाराच्या पायऱ्या कमी करणं, उतारावर धरायला कठडा देणं, उपसलेलं बर्फ टाकायला आधीच जागा राखणं, याला फार पैसा लागत नाही. नकाशा काढताना हिवाळा आठवावा लागतो इतकंच, आणि बहुतेक नकाशे जूनमधल्या शहराचेच काढलेले असतात.

आता तर हिवाळाही भरवशाचा राहिलेला नाही. ओटावाच्या रिडो कालव्यावर ७.८ किलोमीटरची घसरवाट १९७०-७१ पासून दर हिवाळ्यात उघडायची. २०२२-२३ च्या मोसमात बर्फ पुरेसं जाडच झालं नाही आणि ती पहिल्यांदाच उघडली नाही. म्हणजे केवळ गोठण्यावर भरवसा ठेवून रचना करणंही पुरत नाही. एकच जागा बर्फ असताना एक, पाणी असताना दुसरी, चिखल असताना तिसरी झाली पाहिजे.

यात आपली माणसं जुनी मुरलेली आहेत, फक्त आपला हिवाळा म्हणजे पावसाळा. घाटमाथ्यावर चार महिने बाहेरचं जग बंदच असतं. मे संपत आला की पावसाच्या अंगाची भिंत झापांनी किंवा गवतानं झाकायची, नाहीतर झड आत येते आणि मातीची भिंत बसते. पूर्वी महाबळेश्वरलाही पावसाआधी घरं, दुकानं गवतानं मढवून टाकायचे. मग नवरात्र-दिवाळीच्या सुमारास ते सोडायचं, पावसानं उखणलेलं अंगण चोपून सारवायचं, भात झोडायला खळं करायचं. भात घरात गेलं की त्याच खळ्यावर पोहे खात गप्पा, रात्री खेळ. मार्चमध्ये वर मांडव, की तेच अंगण उन्हाळ्याचं दिवाणखान्यासारखं होतं. पुढचा पाऊस जवळ आला की मांडव उतरवून बांबू माळ्यावर. एका जागेच्या वर्षभरात चार जागा होतात आणि त्यासाठी कुणी आराखडा मंजूर करून घेत नाही. शहरात गेल्यावर मात्र आपण याच अंगणावर कायमची फरशी घालतो आणि पहिल्या पावसात तिच्यावर घसरतो.

बदलता येणाऱ्या जागेचंच आणखी एक. न्यू यॉर्कमधल्या चौकांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाईटनं १९८० मध्ये एक निरीक्षण छापलं होतं. हलवता येणारी खुर्ची दिली, की माणूस बसण्याआधी ती थोडी सरकवतो, दोन इंच का होईना. जिथून उचलली तिथंच परत ठेवायची असली तरी सरकवतो. पक्क्या सिमेंटच्या बाकावर बसणाऱ्याला ते सुख नाही.

कुळगीतल्या तिसऱ्या सकाळी ताई आमच्या आधी उठली होती. एका घराच्या अंगणातून तिनं प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली होती. सातला ती शेकोटीजवळ होती. आठला झाडांच्या फटीतून उन्हाचा पहिला तुकडा गोठ्यापाशी पडला, खुर्ची तिथं गेली. मग तुळशीजवळ. घरातल्या बाई तिला म्हणाल्या, “बसा ओ ताई, अजून ऊन यायचंय.” दहाच्या सुमाराला खुर्ची अंगणाच्या पार टोकाला पोचली होती, जॅकेट माझ्याकडं परत आलं होतं, शाल वईवर वाळत घातल्यासारखी टाकलेली होती, आणि ताई त्या बाईंना वाटीतले पावटे सोलून देत होती.